प्रोकुदिन-गोर्स्की आणि लाल रंग : प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंशी बोलणं पक्कं झालं. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सातवी-आठवीच्या मुलांसाठी शाळेच्या हॉलमध्ये तासाभराचा कार्यक्रम करायचा. विषय : रशियातले रंगीत छायाचित्रणाचे अग्रणी सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की. बाईंची कल्पना होती की मी लॅपटॉपवरून फोटो दाखवीन. तसं करायचं नाही. प्रोकुदिन-गोर्स्की यांनी स्वतः जशी चित्रं दाखवली तशीच दाखवायची. तीन काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका, तीन दिवे, तीन रंगीत फिल्टर आणि पडद्यावर एकच रंगीत चित्र. जोडीला ठाण्याची दोन चित्रं, त्याच पद्धतीनं घेतलेली.

उमेदीची सगळी वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या प्रोसेस स्टुडिओत काढली. रंगीत चित्र आलं की फिल्टर लावून त्याच्या वेगवेगळ्या काळ्या फिल्म काढायच्या, पिवळ्याची एक, मजेंटाची एक, सायनची एक आणि काळ्याची एक. त्यावरून ऑफसेट छपाईच्या प्लेट. पुढे कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघायला लागली आणि आमची फिल्म संपली. पण जगातल्या कुठल्याही रंगाचे तीन राखाडी हिशेब मांडता येतात ही गोष्ट हाताला माहीत झाली, ती गेली नाही. प्रोकुदिन-गोर्स्की यांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते आमच्याच धंद्यातले वाटले.

त्यांच्यावर जे काही लिहिलं जातं त्यात झारनं दिलेला रेल्वेचा डबा आणि साम्राज्यभरचा प्रवास हेच मोठं असतं. प्रवास मोठाच होता. पण माझ्या मते त्यांची खरी कमाई त्याआधीची आहे, प्रयोगशाळेतली. तेव्हा फोटो फिल्मवर नव्हे, काचेवर घेत. लाल रंग दिसणारी काच त्यांच्या हाती होती म्हणून पुढचं सगळं झालं. मुलांपर्यंत हे पोचलं पाहिजे.

11 जानेवारी, शनिवार

मुलांसाठी टिपण काढायला बसलो.

जन्म 1863, रशियाच्या व्लादिमीर प्रांतात. पिंड रसायनशास्त्रज्ञाचा. 1902 मध्ये ते बर्लिनला छायाचित्रणाच्या रसायनशास्त्राचे प्राध्यापक आडोल्फ मीटे यांच्याकडे शिकायला गेले. मीटे ज्या जागेवर होते तिथे त्यांच्या आधी हेर्मान फोगेल होते. फोगेल यांनी 1873 मध्ये शोधून काढलं होतं की फोटोच्या काचेवरच्या थरात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर जो प्रकाश तिला एरवी दिसत नाही तो दिसायला लागतो. ही गोष्ट मुलांना नीट समजावली पाहिजे. साध्या चांदीच्या क्षाराला फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश कळतो. हिरवा जवळजवळ नाही, लाल अजिबात नाही. म्हणून जुन्या फोटोंमध्ये आकाश कोरं पांढरं आणि लाल लुगडं काळं दिसतं.

1902 मध्येच मीटे आणि त्यांचे सहकारी आर्थर ट्राउबं यांनी एथिल रेड नावाचं रंगद्रव्य शोधलं. त्यानं काचेला सगळे रंग बऱ्यापैकी समान कळायला लागले. प्रोकुदिन-गोर्स्की हे ज्ञान घेऊन पीटर्सबर्गला परतले आणि त्यांनी स्वतःची द्रव्यं तयार करायला घेतली. काच जितकी जास्त संवेदनशील, तितकं एक्स्पोजर, म्हणजे तिच्यावर प्रकाश पडू द्यायचा वेळ, कमी. एक्स्पोजर कमी झालं तरच माणसाचा फोटो शक्य, कारण माणूस किती वेळ निश्चल बसणार? 1908 च्या मे महिन्यात ते यास्नाया पोल्यानाला गेले आणि बागेत खुर्चीवर बसलेल्या टॉलस्टॉय यांचं रंगीत छायाचित्र काढलं. टॉलस्टॉय तेव्हा ऐंशीच्या घरात. ते चित्र छापील रूपात रशियाभर गेलं. त्या नावामुळे दारं उघडली. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, झार निकोलस दुसरा याच्यासमोर त्यांच्या चित्रांचा खेळ झाला.

14 जानेवारी, संक्रांत

फिल्टर मिळाले. लाल 25 नंबर, हिरवा 58, निळा 47. आमच्या स्टुडिओत सेपरेशनला, म्हणजे रंग सुटे करायला, असेच नंबर चालायचे. तिळगूळ घेऊन पुतण्या आला होता, कॅमेरा त्याचा. 35 मिलिमीटरचा जुना, सगळं हातानं करायचा. तीन शॉटमध्ये कॅमेरा केसभर हलला तरी रजिस्टर, म्हणजे तिन्ही चित्रांची एकमेकांवरची जुळणी, जाणार, म्हणून ट्रायपॉड भक्कम हवा आणि फिल्टर बदलताना लेन्सला धक्का लागता कामा नये. स्क्रू फिरवून लावायच्या फिल्टरचा इथे उपयोग नाही. पुठ्ठ्याची खाच करून वरून सरकवायचे.

19 जानेवारी, रविवार

आज प्रयोग केला. या कार्यक्रमाचा जीव इथेच आहे असं मला वाटतं.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर चार गोष्टी मांडल्या. चिमूटभर कुंकू, हळद, कपड्यांना घालायची नीळ आणि कडुलिंबाचं पान. बाजूला ग्रे स्केल, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या राखाडी टप्प्यांची पट्टी. आधी हे लिथ फिल्मवर घेतलं. लिथ फिल्म म्हणजे आमच्या कामातली रोजची फिल्म. तिला लाल दिसत नाही, म्हणून तर आमची डार्करूम लाल दिव्याखाली चालायची. बाहेरच्याला त्या लाल उजेडाची गंमत वाटायची. आमच्यासाठी ती फिल्मच्या आंधळेपणाची सोय होती.

प्रिंट काढली. नीळ जवळजवळ पांढरी. पान गडद. हळद गडद. कुंकू कुट्ट काळं, जणू कोळशाची पूड.

मग तेच सगळं पॅनक्रोमॅटिक फिल्मवर, म्हणजे सगळे रंग दिसणाऱ्या फिल्मवर, लाल फिल्टरमधून. ही फिल्म संपूर्ण अंधारात हाताळावी लागते, लाल दिवासुद्धा चालत नाही. प्रिंटमध्ये कुंकू उजळून निघालं, खालच्या पुठ्ठ्याहून थोडंच सावळं. हळदही उजळ. नीळ काळी पडली. हिरव्या फिल्टरमधून पान वर आलं आणि कुंकू खाली गेलं. निळ्यातून नीळ वर, हळद काळी. तिन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या आणि भिंगाखाली कुंकवाच्या कडेची कणी पाहिली. लालच्या प्रिंटमध्ये प्रत्येक कण सुटा दिसतो, सावलीसकट. लिथच्या प्रिंटमध्ये तिथे नुसता डाग आहे.

1861 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रंगीत चौकटींच्या रिबिनीचं चित्र याच तत्त्वावर पडद्यावर उमटवलं. फोटो टॉमस सटन यांनी घेतले होते. तत्त्व अचूक होतं. पण तेव्हाच्या काचेला लाल दिसतच नव्हता, तर लालची काच उमटली कशी? शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, कोडॅकच्या संशोधकांनी उलगडा केला. रिबिनीचा लाल रंग अतिनील प्रकाशही परावर्तित करत होता, त्यांचा लाल फिल्टर तो आत सोडत होता आणि काचेवर त्याचीच नोंद झाली. मॅक्सवेल यांच्या चित्रातला लाल दैवयोगानं आला होता. प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या चित्रातला लाल खरोखर लाल प्रकाशानं उमटलेला आहे. मधली चाळीसेक वर्षं रसायनशास्त्रज्ञांनी त्यासाठी घालवली.

अजून एक मनात आलं. आपल्या घरोघरी लागलेली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आणि सरस्वतीही अशीच रंग सुटे करून छापलेली. 1894 मध्ये गिरगावात प्रेस सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पण लक्ष्मीच्या साडीत लाल किती हवा ते दगडावर काम करणाऱ्या कारागिराची नजर ठरवायची. ती कला मोठी आहे, मी तिला कमी लेखत नाही. इथे मात्र ठरवायला कुणीच नाही. वस्तूवरून आलेला प्रकाश काचेवर पडतो आणि हिशेब तोच मांडतो.

26 जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून पुतण्याकडे बसलो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या काचा स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. 1948 मध्ये त्यांच्या वारसांकडून हा संग्रह लायब्ररीनं विकत घेतला. त्यात तीन-तीन चित्रांच्या 1,902 काचा आहेत. अरुंद, उभी, लांबुळकी काच. तिच्यावर एकाखाली एक तीन चित्रं, वर निळ्याचं, मधे हिरव्याचं, खाली लालचं. कॅमेऱ्याच्या मागे काचेची चौकट खाली सरकायची आणि एकामागून एक एक्स्पोजर व्हायची.

मध्य आशियातल्या बुखाऱ्याचे राजे, अमीर आलिम खान, यांचं 1911 चं चित्र घेतलं. कॉम्प्युटरवर तीन तुकडे केले, पॉझिटिव्ह केले आणि एकावर एक ठेवले. पुतण्या माउसनं सरकवत होता, मी सांगत होतो. "डावीकडे. अजून. थांब, आता चेहऱ्यावर बघ, कपड्यावर नको." नवखा माणूस आधी चित्राच्या कडा जुळवतो. आधी डोळे जुळवायचे. डोळे जुळले की पाहणारा बाकीचं माफ करतो, ऑफसेटलाही हाच नियम होता.

जुळलं तेव्हा पुतण्या काही क्षण बोललाच नाही. निळा झुळझुळीत अंगरखा, त्यावर फुलं, पांढरा फेटा, हातात तलवार. "काका, हा काल काढलेला फोटो वाटतोय." मग मी त्याला एकेक थर बंद करून दाखवला. अंगरखा निळ्याच्या काचेत लखलखीत आहे आणि लालच्या काचेत अंधारलेला. म्हणजे त्या निळ्याला निळेपण लालच्या काचेनं दिलं. ती काच आंधळी असती तर हा अंगरखा आपल्यापर्यंत पोचला नसता.

आलिम खान यांचं राज्य 1920 मध्ये गेलं, ते काबूलला आश्रयाला गेले आणि 1944 मध्ये तिथेच वारले. प्रोकुदिन-गोर्स्की यांनीही क्रांतीनंतर 1918 मध्ये देश सोडला. नॉर्वे, इंग्लंड आणि शेवटी फ्रान्स. तेही 1944 मध्येच पॅरिसमध्ये गेले. काढणारा आणि ज्याचं काढलं तो, दोघेही परमुलखात.

2 फेब्रुवारी, रविवार

तलावपाळी. सूर्य उगवायच्या आधी पोचलो. मासुंदा तलावाच्या काठाला बांधलेल्या बोटी आणि मागची झाडं असं चित्र ठरवलं होतं. फिल्टरमुळे साधारण तीन स्टॉप जास्त लागतात, म्हणजे आठपट वेळ, त्यामुळे ऊन येईपर्यंत थांबलो.

वारा नव्हता, तरी बोटी हलत होत्या. फिरायला आलेली मंडळी थांबून विचारत होती, एकाच जागेचे तीन-तीन फोटो का. एका आजोबांना सांगितलं तर ते फिल्टर हातात घेऊन तिन्ही रंगांतून तलाव बघत बसले. पुतण्यानं हळूच घड्याळ दाखवलं. घाई करवेना, कारण आजोबा अगदी मन लावून पाहत होते.

पाणी जुळणार नाही हे उघड आहे. प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या नद्यांच्या चित्रांतही पाण्यावर लाल, हिरवे, निळे ठिपके पसरलेले दिसतात. लाटेची जागा प्रत्येक एक्स्पोजरला वेगळी, तेवढंच त्याचं कारण. हल्ली काही जण असे ठिपके पुसून चित्र गुळगुळीत करतात. मला ते पटत नाही. काठ, झाडं, दगड जुळलेले असताना फक्त पाणी सुटलेलं असेल तर तो दोष नव्हे, चित्र कसं घडलं त्याची खूण आहे.

9 फेब्रुवारी, रविवार

जांभळी नाका. झेंडू, शेवंती, हार, पुड्यांमधलं हळद-कुंकू. इथे लाल हवा तेवढा आहे.

ज्या मावशींच्या पाटीपुढे ट्रायपॉड लावला त्यांना आधी सगळं सांगितलं. म्हणाल्या, "गिऱ्हाईक आलं तर मी उठणार हां." रास्त होतं. प्रोकुदिन-गोर्स्की लोकांना कसे उभे करत असतील याचा विचार करत राहिलो. झारची परवानगीपत्रं त्यांच्याकडे होती, त्यामुळे कुठेही जाता येत होतं. पण सरकारी कागद दाखवून कुणी निश्चल बसत नाही. 1909 मध्ये शेक्स्ना नदीकाठी त्यांनी काढलेल्या तीन शेतकरी मुली बशीत रानफळं घेऊन उभ्या आहेत, नजर सरळ कॅमेऱ्याकडे. ताठ आहेत, पण भेदरलेल्या नाहीत. तसं उभं राहायला समोरच्यावर विश्वास लागतो.

मावशी छान बसल्या, फक्त फुलांवर पाणी मारायची सवय काही सुटली नाही. निगेटिव्ह पाहिल्यावर कळलं की हात तीन ठिकाणी आलाय. काळ्या ताडपत्रीवर एक लालसर, एक हिरवट, एक निळसर पंजा दिसणार. चेहरा आणि झेंडू मात्र अचूक. हेच चित्र घ्यायचं ठरवलं. मुलांना पद्धत शब्दांत समजावावी लागणार नाही.

12 फेब्रुवारी, बुधवार

निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, म्हणजे पडद्यावर टाकायच्या पारदर्शिका, काढायला घेतल्या. लिथ फिल्म मुळात कडक, तिच्यात काळं आणि पांढरं दोनच. पण डेव्हलपर खूप पातळ केला की मधले राखाडी येतात. निळ्या फिल्टरची निगेटिव्ह बाकी दोघींपेक्षा मऊ, म्हणजे काळ्या-पांढऱ्यात कमी फरक असलेली, येते, हा सेपरेशनवाल्यांचा जुना अनुभव. तिन्ही फ्रेम एकाच रोलवर असल्यानं निगेटिव्ह वेगळी डेव्हलप करता येत नाही, म्हणून पॉझिटिव्हच्या वेळी निळ्याला जास्त वेळ दिला. ग्रे स्केलचे टप्पे डेन्सिटोमीटरवर, म्हणजे फिल्मचा काळेपणा मोजायच्या यंत्रावर, तिन्हींत जुळले की झालं. ग्रे जुळला की रंग आपोआप जुळतात. राखाडीत जरा जरी झाक राहिली तरी माणसाचा चेहरा आजारी दिसतो.

16 फेब्रुवारी, रविवार

तीन स्लाइड प्रोजेक्टर जमले. एक शाळेच्या कपाटात होता, एक पुतण्याच्या मित्राकडे, एक चोरबाजारातून आणला. प्रोजेक्टरसाठी रंगीत जिलेटिन (दिव्यापुढे लावायचे पारदर्शक रंगीत कागद) एकांकिकांची प्रकाशयोजना करणाऱ्या एका मुलानं दिलं. ठाण्यात नाटकवाल्यांची ही मोठी सोय आहे.

प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या प्रोजेक्टरला तीन भिंगं होती, प्रत्येकापुढे आपापला फिल्टर. चित्र रंगीत व्हायचं ते पडद्यावरच, काचेवर कुठेही रंगाचा थेंब नाही. याच सुमाराला, 1907 मध्ये, ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच बाजारात आली. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले सूक्ष्म कण तिच्यावर पसरलेले असत आणि एकाच एक्स्पोजरमध्ये रंगीत चित्र मिळे. ती वापरायला कितीतरी सोपी. तरी प्रोकुदिन-गोर्स्की यांनी तीन चित्रांचा मार्ग सोडला नाही आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. ऑटोक्रोममध्ये रंग कणांतच अडकलेले. इथे तीन स्वच्छ राखाडी नोंदी उरल्या, म्हणून शंभर वर्षांनी कॉम्प्युटरवर आपल्याला त्या ताज्या जुळवता येतात.

22 फेब्रुवारी, शनिवार

शाळेच्या हॉलमध्ये रंगीत तालीम. अडचणी पुढे आल्या. फिल्टर बहुतेक प्रकाश गिळतात, त्यामुळे चित्र मंद. हॉलच्या वरच्या झडपांवर काळे कागद लावावे लागतील. निळं जिलेटिन सगळ्यात घट्ट, त्यामुळे पडद्यावरचा पांढरा पिवळट दिसत होता. लिथचे दोन तुकडे एकसारखे राखाडी करून लाल आणि हिरव्या भिंगापुढे धरले, तेव्हा पांढरा ताळ्यावर आला. प्रोजेक्टर शेजारी शेजारी ठेवल्यानं कडा तिरक्या जात होत्या. एकावर एक रचले आणि मागे नेले, बरंच सुधारलं. दिव्याच्या उष्णतेनं फिल्म फुगते आणि फोकस सुटतो, म्हणून स्लाइड आधी गरम होऊ द्यायची, मग जुळवायची.

26 फेब्रुवारी, महाशिवरात्र

कोपिनेश्वराच्या दर्शनाची रांग लांबवर. आज काम नाही. फक्त टिपणात एक ओळ वाढवली : प्रोकुदिन-गोर्स्की यांचा हेतू ही चित्रं शाळांमधून दाखवण्याचा होता. साम्राज्यातल्या मुलांनी आपला देश त्याच्या रंगांत पाहावा यासाठी ही सगळी यातायात. झारकडून रेल्वेचा डबा आणि प्रवासाची सोय मिळाली, काचा-रसायनांचा खर्च त्यांचा स्वतःचा. युद्ध आणि क्रांती आली आणि ते शाळांचं काम राहून गेलं.

28 फेब्रुवारी, शुक्रवार

कार्यक्रम झाला.

आधी कुंकवाच्या प्रिंट हातोहात फिरवल्या. काळं काय असेल ते ओळखा म्हटलं. बुक्का, कोळसा, काजळ अशी उत्तरं आली. कुंकू म्हटल्यावर विश्वास बसेना, म्हणून पुडी उघडून दाखवली. मग अंधार केला. अमिरांचं चित्र आधी फक्त निळ्या दिव्यात, मग हिरवा, आणि शेवटी लाल. लाल पडताक्षणी चेहऱ्यावर रक्त आल्यासारखं झालं आणि हॉलभर आवाज उठला. जांभळी नाक्याच्या चित्रात तीन पंजे दिसल्यावर आठवीतल्या एका मुलीनं न विचारता उत्तर दिलं : "मावशींनी तीन वेळा हात हलवला, प्रत्येक रंगाला एकदा." बाईंनी तिला पुढे बोलावून सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं तिनं.

नंतर मुलांनी स्वतः लाल भिंगापुढे हात धरून पाहिला. झेंडू एकदम हिरवा झाला. हात काढला, परत केशरी. हा खेळ घंटा होईपर्यंत चालला, मी थांबवला नाही.

2 मार्च, रविवार

पारदर्शिका लेबल लावून शाळेच्या प्रयोगशाळेत दिल्या. प्रोजेक्टरही तिथेच राहतील. त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना 30 तारखेला गुढीचं चित्र काढायचंय. वारा सुटला की गुढीचं वस्त्र फडफडणार, म्हणून गुढी उभारली की लगेच, वारा पडलेला असतानाच घ्यावं लागेल. तांब्याचा कलश लालच्या काचेत उजळेल, कडुलिंब हिरव्याच्या. साखरेची गाठी तिन्हींत पांढरी आली पाहिजे, तीच त्यांचं ग्रे कार्ड. फिल्टर सरकवायचं काम मुली करतील, एक्स्पोजर त्यांनीच वहीत लिहायचं. रोलमध्ये सहा फ्रेम शिल्लक आहेत, म्हणजे दोन चित्रं.